आंब्याच्या वतीनं

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावात गच्चीवर माकडटोपी घालून एका गुलाबाचा खून करत होतो. खून हा शब्द आक्काचाच. दर थंडीत मी कुठलं तरी झाड मारायचो आणि निपाणीला फोन करून तिला सांगायचो. 'ह्या खेपेला कुणाचा खून केलास रं?' असं म्हणूनच ती सुरुवात करायची. त्या सकाळी तिचा नंबर दिसला म्हणून मी हसतच फोन उचलला आणि गुलाबाची कबुली देऊन मोकळा झालो. पलीकडे तिचा पुतण्या महेश होता. 'मामा... काकी गेली.' अंगणात आंब्याच्या बुडाशी पडली होती. मुठीतला कोयता सुटेना, बोटं एकेक करून उलगडावी लागली म्हणे. यावर माणसानं काय बोलावं? मी विचारलं, 'एवढ्या थंडीत बाहेर कशाला गेलती?' पन्नास वर्षांची बहीण-भावाची माया, आणि तोंडातून निघालं काय, तर हवामान.

थंडीत बाग सुचत नाही, अशी माझ्यासारख्या हौशी माळ्यांची रड असते. मला तर थंडीत अंथरूण सोडायचंच सुचत नाही. आक्काचा हंगामच तो. दिवाळी सरली की तिच्या अंगात यायचं. ती जास्वंदीला कमरेत तोडायची, मोगरा ओरबाडून नागवा करायची, गुलाबाच्या मुळ्या उघड्या पाडून उन्हात तडफडत ठेवायची. एका वर्षी तिच्या फाटकात शिरलो तर सगळीकडे तुटक्या फांद्या आणि उकरलेली माती. खानापूरकडं गवे शिरतात तसा इथं शिरलाय असं समजून मी रस्त्यावर पळालो आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. शेजारी काठ्या घेऊन आले. जास्वंदीमागून आक्का उठली, केसांत पालापाचोळा. 'गवा न्हाय, मी हाय. चहा ठेवा कुणीतरी.' आणि शिवरात्र सरेपर्यंत त्याच अंगणात फुलांनी पाय ठेवायला जागा नसायची.

एवढ्या थंडीत हा हुरूप तुला येतो कुठून, असं मी एकदा विचारलं होतं. 'रागातनं,' ती म्हणाली. हसली नाही.

तो राग जन्मला त्या सकाळी मी तिथं होतो. आमच्या कंग्राळीहून आक्का निपाणीला दिली. दाजी तंबाखूच्या वखारीत कामाला. बोलायला मिठ्ठास, हात जड. आक्का माहेरी यायची ती कधी कपाट लागून, कधी मोरीत घसरून आलेली असायची. आमच्या घरात सगळ्यांचा त्यावर विश्वास बसायचा, कारण विश्वास ठेवण्याइतकं सोपं काही नसतं. तिला मूल नव्हतं. अंगणात एक आंबा होता, त्यालाही कधी फळ धरलं नव्हतं. सासू दोघांना एकाच शिवीत बसवायची.

आमच्याकडं न फळणाऱ्या झाडाला दम द्यायची रीत होती. मोहोराच्या आधी, पौषातल्या सकाळी, घरातल्या पुरुषानं कुऱ्हाड घेऊन झाडाला विचारायचं, फळ देतोस का तोडू? मग दुसऱ्यानं झाडाच्या वतीनं हात जोडून कबूल करायचं, नका तोडू, पुढल्या साली देतो. संक्रांतीचा तिळगूळ घेऊन मी नेमका तेव्हाच गेलेला. कॉलेजच्या नाटकात काम करायचो, त्यामुळं झाड मीच होणार म्हणून पुढं सरलो. डोळ्यांत पाणी आणायचीही तयारी ठेवली होती. सासूनं मला बाजूला सारलं. 'तू कशाला? हिला उभी करा. हिची नि त्याची गत एकच.'

दाजींनी बुंध्यावर घाव घातला. साल उडाली. 'देतोस का तोडू?' आक्का गप्प. दुसरा घाव. 'बोल की गं.' ती गप्पच. तेव्हा दाजींनी कुऱ्हाड डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं तिच्या तोंडावर अशी थप्पड मारली की तिचा ओठ फाटला. मी झेपावलो. दाजींची गचांडीच धरायची होती. पण पायात मिरवायला घातलेले नवे गुळगुळीत बूट, आणि आळ्यात सकाळीच पाणी सोडलेलं. मी घसरलो तो थेट सासूच्या पायांवर. तिनंही सवयीनं 'आयुष्यवंत हो' म्हणून टाकलं.

कुणी हसलं नाही. आक्कानं पदरानं ओठ पुसला, पदराला आलेलं रक्त बघितलं.

'न्हाय देणार,' ती म्हणाली. 'तोडा. आधी त्याला, मग मला.'

मग तिनं दाजींच्या हातातली कुऱ्हाड हिसकावली आणि स्वतःच सुटली. बुंध्याला तिनं हात लावला नाही, फांद्यांवर तुटून पडली. एक फांदी वाळत घातलेल्या धुण्यावर कोसळली, एक पाणी तापवायच्या हंड्यावर. सासू आत पळाली. एक ढलपी उडून दाजींच्या कपाळात बसली आणि रक्ताची धार नाकावर आली. आक्का थांबली, त्यांच्याकडं नीट बघितलं, आणि पुढचा घाव घातला. हात पोचेल तिथवर एकही फांदी उरली नाही, तेव्हाच ती खाली बसली. मी अजून चिखलातच होतो. मला म्हणाली, 'ऊठ रं. बूट धुऊन घे.'

कुऱ्हाड त्या दिवसापासून तिच्या खाटेखाली गेली. दाजींचा हात पुन्हा उठला का, हे मी कधी विचारलं नाही. एवढं खरं की नंतर ते तिला अहो-जाहो करायला लागले. आंब्याला घावांच्या कडेनं तांबडी पालवी फुटली, झाड पसरलं, फळ मात्र त्यानं अखेरपर्यंत दिलं नाही. आपलं झाड दमात घ्यायला लोक आक्काला बोलवायला यायचे. ती म्हणायची, 'मी त्याच्याकडची हाय, तुमच्याकडची न्हाय.' दर थंडीत ती त्याच्या खाली कोयता घेऊन उभी राहायची, आणि तिथून पुढं तिला सगळी बाग सुचत जायची.

आक्काचे दिवस करून मी परतलो होतो; ती गेल्याच्या महिन्याभरानं पुन्हा निपाणीला गेलो. महेश अंगणात टेप लावून मोजत होता. मोटारीला जागा हवी, आंबा काढायचा होता. 'मामा, तुमचं काय म्हणणं?' एवढा जन्म आक्काच्या हाताखाली काढून मी म्हणालो, 'बघा बाबा... झाड जुनं झालंय खरं.'

तेवढ्यात त्याची बायको सुरेखा आक्काच्या खोलीच्या खिडकीशी आली, केसांत पालापाचोळा. शाळेत शिकवते, हळू बोलते, मी तिचा आवाज फारसा ऐकलेला नव्हता.

'मोटार रस्त्यावर लावा,' ती म्हणाली. 'झाड हितंच ऱ्हाणार.'

'अगं, पण ते देतंय काय?'

'ही खोली मी घेतलीय. मला हितनं ते बघायचंय. कटरवाला आला तर आधी माझ्याशी गाठ हाय, सांगून ठेवा.'

महेशनं माझ्याकडं बघितलं. मी, अर्थातच, माकडटोपी सारखी केली. त्यानं टेप गुंडाळली.

चहाला त्या खोलीत बसलो. खाट तीच. भिंतीला दाजींचा जुना स्वेटर टांगलेला. दाजी गेल्यावर आक्कानं त्याच्या बाह्या कोपरापासून कापून टाकल्या होत्या आणि थंडीत बागेत ती तोच घालायची. उठताना सहज हात लावला. आक्काला जाऊन महिना झाला होता, आणि स्वेटरवरची माती ओली होती.