शिकवून दिलेला आवाज

खुर्ची पुढे केली की तो खांद्यावरच्या टॉवेलने ती पुसायचा आणि स्वतः जमिनीवर बसायचा. "आमी खालीच बरे, गुरुजी," हे त्याचं ठरलेलं. टोकावड्याजवळच्या आमच्या गावात तो लोकांच्या शेतांवर मजुरीला जायचा. मी शाळेत शिक्षक, आणि गावच्या नाटकात पडद्याआडून वाक्यं सांगणारा.

नाटक विनोदी होतं. मालक परगावी गेलेला असताना गडी गंमत म्हणून त्याच्या खुर्चीत बसतो. येणारा जाणारा त्यालाच नमस्कार करतो, आणि मालक परततो तेव्हा त्याला कुणी ओळखत नाही. गड्याचं काम याचं. तुम्ही त्याला त्या खुर्चीत पाहायला हवं होतं. पायावर पाय टाकून तो हळू आवाजात बोलू लागला की हसणारी माणसं गप्प व्हायची. एका वर्षी, ज्यांच्या शेतात तो राबायचा ते जमीनदार पहिल्या रांगेतून नकळत उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी बांधावरून त्यांनी त्याला "अहो" म्हणून हाक मारली. हा कितीतरी वेळ वळलाच नाही. अहो म्हणजे आपण, हे त्याच्या ध्यानातच येईना.

पुढे मुंबईच्या लोकांनी त्या नाटकावर चित्रपट काढला. गड्याचं काम एका नावाजलेल्या नटाला मिळालं. याला नेमलं ते नटाला आपलं बोलणं-चालणं शिकवायला. शहापूरकडे, तानसाच्या बाजूला शूटिंग होतं. माघात संपलं. शेवटच्या दिवशी मी गेलो, तर मागून याची हाक आली. वळून पाहिलं, तर नट उभा. हा बाजूला उकिडवा बसून नटाच्या तोंडाकडे बघत होता.

परतताना एसटीत म्हणाला, "गुरुजी, माझ्याकडं काय उरलं नाय."

मी हसण्यावारी नेलं.

चैत्रातल्या जत्रेत नेहमीप्रमाणे नाटक लागलं. तो खुर्चीत बसला, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मी तीनदा वाक्य सांगितलं. सगळ्या मांडवाला माझंच ऐकू गेलं. तो उठला, खुर्ची पुसली आणि रंगमंचावरून उतरला. पुन्हा चढला नाही.

श्रावणात त्याला खोकला लागला. दोन आखूड, मग एक लांब, बोलणं अर्ध्यावर तोडणारा. दिवाळी काही त्याने पाहिली नाही.

चित्रपट मुरबाडला लागला तेव्हा मी त्याच्या बायकोला दुपारच्या खेळाला घेऊन गेलो. पडद्यावर नट खुर्चीत बसला आणि याच्या आवाजात बोलू लागला. एवढ्याला आमच्या मनाची तयारी होती. तीही शांतपणे बघत होती. मग बोलता बोलता नट थांबला आणि खोकला. दोन आखूड, एक लांब.

लोक हसले. तिने माझं मनगट धरलं.

"गुरुजी, शूटिंग माघात संपलं ना?"

"हो."

"हा खोकला त्यांना श्रावनात लागला. मंग शिकवला कधी?"

 

खेळ संपला, दिवे लागले, माणसं निघाली. "चला आता, गाडी चुकंल," ती म्हणाली. मला वाटलं मलाच म्हणते आहे, म्हणून मी उठलो. ती पडद्याकडे बघत होती.

मी आधी बाहेर पडलो. तिने दार हाताने उघडं धरून ठेवलं. एका थकल्या माणसाला सावकाश बाहेर यायला लागेल तेवढा वेळ ती तशीच बाजूला सरून उभी राहिली, आणि मग तिने दार सोडलं.