छर्रा की गोळी

पडवीत माझा लेक बाबू नि शेजारचा दादा काडतुसं मांडून बसलेत. रानडुकराने नाचणी उपटलीय, त्याच्या शिकारीला निघालेत.

"छर्रा पसरतो. नेम चुकला तरी लागतो," बाबू म्हणतो.

"लागतो रे, पण मारतो का? गोळी आत शिरते," दादा म्हणतो. "पण तुझा नेम म्हणजे देवाची कृपा!"

"म्हणून तर छर्रा!"

मी आतून ऐकतेय. बाबूच्या बापानेही छर्राच मारलेला. डुक्कर पडलं नाही, करवंदीच्या जाळीत घुसलं. हे मागावर गेले नि डुकराने यांची मांडी फाडली. मग मरेपर्यंत हे खाटेवर नि मी खाटेपाशी. अर्धवट लागलेल्याला जाळी काय नि घर काय, बाहेर पडायला वाट नसते. सोबत्यालाही नसते.

बाबूने छर्रेच उचलले. शिकारीला निघालेल्याला बाईने मागून हाक मारायची नाही, असं आमच्यात आहे. मी हाक मारली नाही. पुढे गेले नि पडवीच्या पायरीवर आडवी बसले.

"आये, वाट सोड."

"ओलांडून जा."

आईला कोण ओलांडतो? तो उभाच आहे. गोळीकडे अजून हात जात नाही. मी बसलेय.