मजलेकर कॉम्प्युटर बसवतात

मजलेकरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी स्वर्ग आणि पृथ्वी यांच्या बरोबर मधे, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे, अडकलो होतो. लिफ्ट बंद पडून अकरा मिनिटं झाली होती. त्या अकरा मिनिटांत मी मनातल्या मनात मृत्युपत्र केलं, ते दोनदा बदललं, मेव्हण्याचं नाव त्यातून काढलं, आयुष्यभराच्या पापांची उजळणी केली आणि ती फारच थोडी निघाली म्हणून हळहळलो. पिशवीतला पाव आठवडाभर पुरवायचा असं ठरवून त्याचे सात भागही पाडले. एवढ्यात वर कुठेतरी दार फाकलं आणि माझ्या कपाळाच्या उंचीवर दोन बूट दिसले. बुटांच्या वर दोन गुडघे, आणि गुडघ्यांच्या खूप वर एक दमलेला चेहरा.

"वजन किती?" चेहऱ्यानं विचारलं.

"घाबरायच्या आधी पंच्याऐंशी."

"मग लिफ्टचाच दोष. हात द्या."

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस जन्मभर जिने चढतो, हे मला त्या दिवशी कळलं. चालू लिफ्टला त्याला कोण बोलावणार? बंद पडली की बोलावतात, आणि तेव्हा वर जायला जिनाच उरतो. त्यात लिफ्टचं मशीन नेमकं गच्चीवरच्या खोलीत. सत्तावीस वर्षं हा माणूस हातात अवजारांची पेटी घेऊन गच्च्या गाठतोय. गावातल्या सगळ्या इमारतींचे मजले त्यांना तोंडपाठ, म्हणून त्यांना सगळे मजलेकर म्हणतात. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचायला कोणी जात नाही. राहायला ते आमच्या शेजारच्या इमारतीत आहेत. तळमजल्यावर.

त्यांची एकुलती एक मुलगी जहाजावर अधिकारी व्हायचं शिक्षण घेत दूरच्या बंदराच्या गावी राहत होती. बापलेकीचं फोनवरचं संभाषण मी एकदा त्यांच्या ओट्यावर बसून पूर्ण ऐकलं आहे. ते असं: "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "हो. थंडी आहे का?" "नाही. गुडघे?" "आहेत." मग दोन्हीकडे शांतता, आणि फोन वहिनींकडे.

एका रविवारी मुलगीच म्हणाली, "बाबा, आपण असे बोलायला बसलो की काही सुचतच नाही. मी रविवारी दुपारी गेम खेळते ना, त्यात तुम्ही या. हात कामात असले की तोंड सुटतं. माझ्याकडे अजून चार महिने आहेत. जहाजावर गेले की गेम खेळण्याएवढं इंटरनेट मिळणार नाही."

मजलेकरांनी आयुष्यात पत्त्यांचा डावसुद्धा खेळलेला नव्हता. पण मुलीनं बोलावलं होतं, आणि चार महिन्यांचे रविवार होतात सोळा-सतरा. घरातला जुना कॉम्प्युटर गेमचं नाव ऐकूनच बंद पडायचा. नवा तयार घ्यावा, तर मजलेकरांचा बंद खोक्यावर विश्वास नाही. "आत काय कोंबलंय कोणाला माहीत? एकेक पार्ट आपण निवडायचा, आपण बसवायचा."

इथे त्यांची सत्तावीस वर्षं आडवी आली. लिफ्टच्या धंद्याचा पहिला नियम: आधी खड्डा, मग लिफ्ट. जागेचं माप घेतल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. मजलेकरांनी पोलादी टेप काढली. त्या दीड खोलीत मोकळी जागा एकच होती, खिडकीखाली, भिंत आणि वहिनींचं शिवणयंत्र यांच्या मधे. वहिनी लोकांचे कपडे शिवतात, आणि डोळे अधू झाल्यापासून त्यांना तोच एक उजेड पुरतो. "मशीन एक बोटभरही हलणार नाही," मजलेकरांनी मला बजावलं, जणू मीच ते ढकलायला आलो होतो. त्या फटीत बसेल असं छोटंसं कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरची पेटी, त्यांनी सगळ्यात आधी आणलं. आणलं आणि चार भोकं पाडून, बोल्ट मारून भिंतीला पक्कं करून टाकलं. आत एकही पार्ट नाही, पण भूकंप झाला असता तर इमारत पडली असती, ते कॅबिनेट तिथेच राहिलं असतं.

मग पार्ट निवडायला मला सोबत नेलं. दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं, आणि लिफ्ट अर्थातच बंद. मजलेकरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं सुट्टीवरचा डॉक्टर शिंकणाऱ्या माणसाकडे पाहतो, आणि मुकाट्यानं जिना धरला.

दुकान चालवणारी बाई पस्तिशीची असेल. दिवसभर तेच तेच प्रश्न ऐकून तिचा आवाज पार सपाट झाला होता. "कुठला गेम खेळायचाय, काका?"

"मुलगी खेळते तो."

तिनं सुस्कारा सोडला आणि प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम अशी चळत मांडली. पॉवर सप्लायपाशी घोडं अडलं. मजलेकर म्हणाले, "ह्याच्यापेक्षा मोठा द्या. आमच्याकडे लिफ्टचा दोर बारापट वजन पेलेल असाच घेतात."

"काका, कॉम्प्युटर चालवायचाय की लिफ्ट?"

"पडलं तर कोण जबाबदार?"

"कॉम्प्युटर पडत नाही हो. बंद पडतो."

"आमची लिफ्टही बंदच पडते. पडत नाही ती दोरामुळे."

बाईनं मोठा पॉवर सप्लाय काढून दिला. पंखे निवडताना मजलेकरांनी प्रत्येक पंखा फिरवून कानाशी धरला. सहाव्याला म्हणाले, "हा बरा. बाकीचे वर्षभरात रडतील." रंगीत दिव्यांचे पंखे तिनं पुढे केले तर विचारलं, "हे काय? पेशंट न्यायचाय का?" बाई पहिल्यांदा हसली. दोन तासांत तिचं बाकी गिऱ्हाईक मात्र निघून गेलं होतं.

एक एक करून सगळं घरी आलं. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी. या कार्डाशिवाय गेम चालत नाही. आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! कार्ड कॅबिनेटपेक्षा दोन सेंटिमीटर लांब निघालं.

दुकानातली बाई फोनवर म्हणाली, "कॅबिनेट बदलून घेऊन जा ना, काका."

"त्याला भोकं पाडलीत."

"भोकं? कशाला?"

"बसवायला."

पलीकडे तिनं यादी चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आखूड कार्ड येतं कधीकधी. आलं की कळवते."

ते कळवणं म्हणजे लिफ्टवाल्यांच्या "निघालोच" सारखं होतं. मजलेकरांना ते ओळखता यायला हवं होतं. इतकी वर्षं तेच तर गिऱ्हाइकांना "निघालोच" सांगत आले. एक महिना गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. दर रविवारी मुलगी विचारायची, "झालं का, बाबा?" आणि हे म्हणायचे, "एक पार्ट यायचाय." कामावरून आले की त्या रिकाम्या पेटीसमोर स्टुलावर बसायचे, गुडघ्यांना तेल चोळायचे आणि टेपनं तीच फट परत मोजायचे. मी म्हटलं, "अहो, मोजून वाढणार आहे का ती?" तर म्हणाले, "मोजणाऱ्याची चूक असू शकते." मलाच थकल्यासारखं व्हायला लागलं.

मुलगी निघायला पाच दिवस उरले, तेव्हा शनिवारी दुपारी वहिनींनी दातांनी दोरा तोडला आणि विचारलं, "मोठी पेटी का नाही आणत?"

"बसणार कुठे? मशीन हलवावं लागेल."

"मग हलवा."

"आणि तुझा उजेड?"

"ह्या बाजूला बल्ब लावा एक. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी तारा जोडता, इथे नाही जोडता येत?"

मजलेकर बघतच राहिले. "मग तीन महिने बोलली का नाहीस?"

"तुम्ही भिंत मोजलीत, फट मोजलीत, पंख्यांचे आवाज ऐकलेत. मला विचारलंत का?" असं म्हणून वहिनी उठल्या आणि त्यांनी शिवणयंत्र एका धक्क्यात हातभर सरकवलं. त्याला चाकं होती.

त्याच संध्याकाळी मोठं कॅबिनेट आलं आणि ते लांब कार्ड त्यात बसलं. त्याला बोल्ट मारला नाही. रविवारी दुपारी कॉम्प्युटर सुरू झाला आणि मला खास बोलावणं आलं. वहिनी नव्या बल्बखाली काजं करत होत्या. मजलेकरांच्या तोंडाशी माइक, मुलीचा आवाज स्पीकरवर. पडद्यावर एक टेकडी, तिच्यावर बुरूज, आणि बुरुजावर मुलगी, चिलखतात.

"बाबा, वर या. इथून समुद्र दिसतो."

मजलेकरांचा चिलखती माणूस पायऱ्या चढायला लागला. पहिला मजला, दुसरा, तिसरा, आणि तिथे थांबला.

"काय झालं?"

"दम खातो जरा."

"अहो बाबा, गेममध्ये दम लागत नाही!"

"सवय आहे."

ती हसली, आणि स्वतःच खाली येऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली. दोन चिलखतं जिन्यात. कोणीच पुढे जाईना. मग ती म्हणाली, "बाबा, मला थोडी भीती वाटतेय. नऊ महिने."

मजलेकरांनी माउस फिरवला, त्यांचा चिलखती माणूस तिच्याकडे वळला. "आम्ही दोर बारापट घेतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे... तू जा. काही होत नाही."

वहिनींची सुई थांबली होती. मी छताकडे पाहत होतो.

चाळीस मिनिटांनी मुलीला सामान बांधायला उठावं लागलं. गुरुवारी ती जहाजावर गेली. तिचा करार नऊ महिन्यांचा आहे. कॉम्प्युटर तेव्हापासून बंद आहे, आणि त्याच्यावर वहिनी शिवायचे कपडे ठेवतात.