व्यंग या शब्दाचा अर्थ

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी विषय होता, पण पास होण्यापुरता. त्यामुळे काही शब्द माझ्याकडे अर्धेच आले. ‘व्यंग’ त्यातला एक. बाबा पेपर उघडला की आधी व्यंगचित्र बघायचे आणि मला दाखवायचे, म्हणून व्यंग म्हणजे विनोद, जरा टोचणारा, अशी माझी समजूत होती. पंचविसाव्या वर्षापर्यंत ती कुणी मोडली नाही.

बाविसाव्या वर्षी माझ्या हृदयाची झडप बदलली. लहानपणी घसा दुखून ताप यायचा, सांधे सुजायचे. त्या तापाने झडप आतून खराब करून ठेवली होती. आता तिथे यांत्रिक झडप आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, जन्मभर. महिन्याला एक रक्ततपासणी. गळ्याखालून व्रण सुरू होतो, म्हणून मी बंद गळ्याचे कुर्ते घालते. बाकी मी नोकरी करते आणि जिने चढते.

तो ऑफिसमधला. चांदवडजवळच्या गावचा, इथे शहरात इंदिरानगरला खोली घेऊन राहणारा. ओळख होऊन चार महिने झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, ऑफिसच्या जिन्यात, पायऱ्यांकडे बघत. तो म्हणाला, “मग काय झालं?” या तीन शब्दांवर मी दोन वर्षं काढली. तपासणीला तोच गाडीवरून न्यायचा. रक्त पातळ असलं की सुईच्या जागी कापूस जास्त वेळ दाबावा लागतो. तो दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने क्रिकेटचा स्कोअर बघायचा. परत सोडायला आला की बाबा त्याला वर चहाला बोलवायचे. लग्नाचं ठरल्यासारखंच होतं. फक्त त्याच्या आईने मला बघायचं राहिलं होतं. वडील नसल्याने घरातला शब्द त्यांचाच.

“आईला ऑपरेशनचं सांगितलंस ना?” मी आदल्या दिवशी विचारलं.

“तू नको काळजी करू,” तो म्हणाला. मी ते ‘हो’ समजले.

रविवारी सकाळी त्याच्या आई त्याच्याबरोबर आमच्या घरी आल्या. मला त्या लगेच आवडल्या. सोफ्यावर बसल्या बसल्या माझं मनगट धरलं.

“काय गं, एवढी बारीक? आई जेवू घालत नाय का?”

“घालते,” मी म्हटलं.

“आमच्याकडं कांद्याच्या चाळीत उभी राहशील का? का डोळ्याला पाणी येतं म्हणून पळशील?”

“गॉगल लावून उभी राहीन.”

त्या मोकळ्या हसल्या. “पोरगी बोलती बरं का! हा म्हणला व्हता, लय गप्प हे.” मग त्याच सुरात, “आन व्यंग-बिंग काय नाय ना गं तुझ्यात?”

मला वाटलं, चेष्टा चालू आहे आणि त्या विचारतायत की मीही चेष्टेखोर आहे का. मला त्यांना खूश करायचं होतं.

“आहे थोडं,” मी म्हणाले. “पण वरून दिसत नाही. ओळख वाढली की कळतं.”

त्यांनी माझं मनगट सोडलं. चहा घेऊन आलेल्या माझ्या आईच्या हातातला ट्रे तसाच राहिला. कुणी हसत का नाही, ते मला कळेना.

बाबांना वाटलं, मी ऑपरेशनबद्दलच बोलतेय. त्यांनी सरळ सांगितलं, “ताई, तिच्या हृदयाची झडप बदलली आहे. तब्येत चांगली आहे. तुमच्या मुलाला सगळं माहीत आहे.”

त्या त्याच्याकडे वळल्या. “तुला म्हायती व्हतं?”

तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने आईकडे पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला. “मला कुठं माहिती.”

“तू सांगितलं नव्हतं त्याला?” त्यांनी मला विचारलं.

माझी झडप वाजते. बारीक टकटक. तोंड उघडलं की आवाज जास्त येतो, मिटलं की कमी. मी तोंड मिटून बसले होते, तरी मला तेवढंच ऐकू येत होतं. मला वाटलं, आत्ता मी त्याला वाचवलं तर बाहेर पडल्यावर तो आईला समजावेल. कदाचित तेवढा वेळच हवा असेल त्याला.

“नाही,” मी म्हणाले. “मी सांगितलं नव्हतं.”

“माझ्या पोराला फसवलं गं बाई तुम्ही,” त्या उठत म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. खरंच दुखावल्या होत्या. तो त्यांच्या मागून गेला. दारात बूट घालताना लेस बांधायला त्याला फार वेळ लागला.

त्याने आईला समजावलं नाही. आठवडाभराने ऑफिसात माझ्या टेबलापाशी थांबून “थँक्स” म्हणाला. पुढच्या महिन्यात पुण्याला बदली मागून गेला. माझ्या खोटं बोलण्याने त्याचं जाणं सोपं झालं, एवढाच त्याचा उपयोग.

बाबा मात्र त्या दिवसापासून गप्प होते. मला वाटलं, माझ्यासाठी. तीन आठवड्यांनी एका सकाळी ते मटार सोलत बसले होते. मी समोर बसले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

“त्याला खरंच माहीत होतं ना? का मीच काही चुकीचं बोललो त्या बाईंसमोर?”

तेव्हा मला कळलं की मी त्या खोलीत कुणाला खोटं पाडलं होतं. इतके दिवस ते स्वतःलाच तपासत बसले होते.

“माहीत होतं, बाबा. पहिल्यापासून.”

त्यांनी मान हलवली. हातातली शेंग सोलून संपवली, मग दुसरी घेतली.

“बरं,” ते म्हणाले. दाणे ताटात टाकत, “तू मला आधी सांगायला हवं होतंस.”

मी हो म्हटलं.