हसरा साचा

गळ्याच्या कॅन्सरला रेडिएशन द्यायचं ठरलं तेव्हा मी अवघी सत्तरीची होते. अक्कल यायला अजून अवकाश होता. डोकं हलू नये म्हणून तोंडावर कोमट, मऊ जाळी ताणून मुखवटा करतात. मला वाटलं, फोटोच काढतायत. मी झकास हसले आणि जाळी तशीच कडक झाली. मग रोज टेबलावर पडून हसावं लागायचं, नाहीतर गाल दाबले जायचे.

एका सकाळी दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी शिरोलीच्या फौंड्रीतला एक धिप्पाड गडी आला. त्याचा मुखवटा त्या दिवशी व्हायचा होता. खांद्यावरचा टॉवेल पिळायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. रोज लोखंडाचा रस ओतणारा माणूस कोमट जाळीला भ्याला होता.

"जल्मभर साचं भरलं, मावशी. आता माझंच त्वांड साच्यात? मी चाललो घरला."

"जा की. पण आधी माझा घोळ ऐकून जा."

तो ऐकून टॉवेलात तोंड खुपसून गदागदा हसला. तेवढ्यात आतून हाक आली आणि तो हसतहसतच गेला. नाव विचारायचं राहिलंच.

बाहेर आला तो गाल चोळत.

"मावशी, तुमच्यापायी मीबी आत हसलो की! आता रोज हसाय यायलाच लागतंय."