धाकूकडचा बिननावाचा आहेर

घाटकोपरला आमच्या भटवाडीत कुणाच्याही घरचा डबा हातात घ्या, ‘अमक्याच्या लग्नात तमक्यांकडून’ ही अक्षरं धाकूची. मिल बंद पडल्यावर हा माणूस रडत बसला नाही. नावं घालायचं मशीन घेतलं आणि भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टूल टाकून बसला. अक्षर मोत्यासारखं, डोकं मात्र दगड. माझा नवरा विद्याधर मिलमध्ये त्याच्याच खात्यात कामाला होता, म्हणून मी हक्काने बोलते.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात त्याच्या लेकीचं, मालनचं लग्न निघालं. एकही पाहुणा रिकाम्या हाताने जाता कामा नये, हा धाकूचा हट्ट. दोनशे वाट्या घेतल्या, प्रत्येकीवर नवरा-नवरीचं नाव स्वतः घातलं. त्यात खिसा रिकामा झाला आणि पोरीला द्यायचा कुकर राहूनच गेला. सासरी आठ माणसं, रोजचा भात पातेल्यात! मालनचं तोंड एवढंसं झालेलं मी पाहिलं.

मग मी शक्कल काढली. नाव नसलेलं भांडं दुकानदार बदलून देतो. वाडीतल्या बायकांना बजावलं, “आहेर करा, पण नाव घालू नका गं. भांडी देऊन मालनला मोठा कुकर घेऊ.” धाकूला पत्ता लागू दिला नाही. तो नाहीच म्हणाला असता.

लग्न झकास झालं. फक्त धाकू एकेक भांडं फिरवून फिरवून बघायचा आणि त्याचा चेहरा पडायचा. मी गालातल्या गालात हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मालनची पाठवणी व्हायच्या आधी, पिशव्या घेऊन त्याच्या दारात गेले, तर आतून टर्रर्र आवाज. धाकू घामाघूम होऊन मशीन चालवत होता. कुणी काय दिलं ते सगळं त्याला पाठ. सतराच्या सतरा भांड्यांवर देणाऱ्यांची नावं!

“वाट लावलीत ना, भावोजी!” मी सगळा बेत सांगितला आणि वर तोंडही सोडलं. “आता कोण परत घेणार ही?”

तो ओशाळला, पण हटला नाही. “वहिनी, नाव नाय तर तो आहेर कसलो? पोरीक कळाक नको, डबो कोणाचो तो?”

“काकी,” मालन हळूच म्हणाली, “तुमचं पातेलं बघा ना.”

बघितलं. ‘विद्याधर व कुंदा यांजकडून.’ विद्याधरला जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून मी कुठल्याच आहेरावर नाव घातलं नव्हतं, नुसतं माझं एकटीचं बघवत नव्हतं. मला रडू फुटलं. राग कुठल्या कुठे गेला.

तशीच घरी गेले, माझा कुकर घासूनपुसून आणला आणि मालनच्या हातात दिला. ती नको नको म्हणायला लागली.

“गप गं. घे.”

एकटीला काय, पातेल्यातही भात शिजतो.