सव्वीस आट्यांचा कप

एकाहत्तरच्या लढाईच्या हिवाळ्यात आमच्या लष्करी कारखान्यात पाळी बारा तासांची झाली आणि माझ्या पायांनी हात टेकले. सकाळी सात ते संध्याकाळी सात टूलरूममध्ये उभं राहायचं, शिवाय महाराजपूरच्या घरून रांझीपलीकडे सायकल मारत जायचं आणि तसंच परत यायचं. देशासाठी एवढं करायला कोणाचीच ना नव्हती. पण चढ देशाला नाही, मला चढायचा होता.

सायकल रेसची होती. रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन गार्ड कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला, त्याच्याकडून मी ती घेतली. विलायती, वयाने माझ्यापेक्षा मोठी, नळ्या हलक्या आणि हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही कामावर जाऊन राहिले की रस्त्याला नमस्कार घालत चालले?"

एकेक करून मी ती माझ्या पाठीच्या सोयीची करत आणली. हँडल सरळ घातलं. कबाड्याच्या भंगारात तीन गिअरचा एक हब, म्हणजे चाकाचा तुंबा, काळा पडून होता. रॉकेलने पुसल्यावर त्यावरचा छाप वाचता आला, आणि तो आपल्याच सायकलच्या कंपनीचा निघाल्यावर मी पोरासारखा हरखलो आणि तो मागच्या चाकात बसवला. जुन्या सायकलीचं असंच असतं. आधी ओळख पटवायची, मग हात लावायचा.

एवढं करूनही पायडलच्या प्रत्येक फेरीला खालून 'कट्' असा आवाज यायचा. खोलून पाहिलं तर डाव्या बाजूचा कप, म्हणजे ज्या वाटीत छर्रे फिरतात ती, आतून खरवडला होता. बाजारातला नवा कप दोन फेरे जाई आणि अडके. सायकलवाला म्हणाला, "ठोक देंगे भैया, बैठ जाएगा." मला संताप आला. दिवसभर हजारांश इंचाच्या गोष्टी करणारा माणूस मी, मला सांगतो ठोकून देतो! त्या विलायती कंपनीचे आटे इंचाला सव्वीस असतात आणि बाजारातले चोवीस, एवढं मला ऐकून माहीत होतं. कबाड्याच्या डब्यात एक चकचकीत कप सापडला, पण त्यावर छाप नव्हता. आता मोजल्याशिवाय कळायचं नाही.

मोजायचं गेज कारखान्यात. बाहेरची वस्तू आत न्यायची तर फाटकावर वहीत लिहून द्यावी लागे. त्या सकाळी रांग मोठी होती, झडती नावापुरती होत होती, माझे डोळे मिटत होते. एवढ्याशा वाटीचं काय लिहायचं, म्हणून मी तशीच खिशात नेली.

दुपारी स्टोअरच्या खिडकीवर माझ्या नंबराचा पितळी बिल्ला दिला, तो गेजच्या जागी खुंटीवर लागला, आणि आटे मोजायचं गेज घेतलं. चाकूसारखी पात्यांची छोटी जुडी असते ती. सव्विसाचं पातं कपाच्या आट्यांत असं बसलं की मधून उजेड दिसेना. त्या दिवसांत मला झालेला तो एकमेव आनंद.

संध्याकाळी झडतीत हवालदाराने कप काढला. "ये क्या है?"

"साइकिल का है, हवालदार साब."

"साइकिल का है तो अंदर क्यों ले गया?"

प्रश्न बिनतोड होता. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. लढाई चालू होती आणि कारखान्याचा माल बाहेर नेल्याच्या नुसत्या संशयावर माणसं घरी बसत होती. माझी पाचावर धारण बसली. मी म्हटलं, बसवून दाखवतो.

सायकल स्टँडवाल्याकडून पान्हा आणि हातोडी घेतली. सारी पाळी बघत होती. कॉटरची खीळ ठोकून काढली, पायडलची क्रँक उतरवली, जुना कप काढला. मग हा कप लावला आणि दोन बोटांनी फिरवला. तो शेवटपर्यंत गेला. हवालदाराने बाहेर काढून स्वतः फिरवून पाहिला, त्याच्याही बोटांनी गेला. तो ओशाळला. उरलेली झडती न घेता म्हणाला, "जाइए, भाईसाब." चोर सोडून संन्याशाला फाशी, असं पुटपुटत मी छर्रे भरले, क्रँक लावली आणि निघालो. वाटेभर एकदाही कट् झालं नाही.

घरी येऊन पँट खुंटीला टांगताना मागच्या खिशातलं काहीतरी हाताला टोचलं. ते गेज होतं. झोपेत चालावं तसा दिवस गेला होता, परत करायचं राहून गेलं होतं. आता मी खरोखर चोर होतो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या जाऊन खरं सांगून द्या." कोणाला? त्याच हवालदाराला?

सकाळी हवालदाराने मला पाहिलं आणि झडतीच्या रांगेतून बाहेर काढून थेट आत सोडलं. त्याच्या त्या भलेपणाची मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

स्टोअरचे काका आमच्या नागपूरकडचेच, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. रोज पाळी सुटली की उरलेले बिल्ले बघून, बाहेर राहिलेलं हत्यार लगेच कळवणं हे त्यांचं काम. मी गेज पुढे केलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून माझा बिल्ला काढून दिला. म्हणजे काल खुंटीवरून तो त्यांनी स्वतःच उतरवून लपवला होता.

"काका, तुम्ही कळवलं काहून नाही?"

"सगळं जमा, अशी सही केली."

"माझ्यावर एवढा विश्वास?"

"विश्वास-बिश्वास काही नाही. बारा तास झाले होते. चौकशी बसली असती तर आणखी चार तास थांबावं लागलं असतं. सही केली न् सुटलो." त्यांचे डोळे लाल होते. "मग घरी गेल्यावर सुचलं, तू आणलंच नाही तर माझी पेन्शन गेली. बसून राहिलो सकाळपर्यंत."

मी आभार मानायला तोंड उघडलं.

"चल, बाजूला हो," ते म्हणाले, "आणि पुन्हा माझ्या खिडकीवर येऊ नको. काही लागलं तर दुसऱ्याला पाठव."

पुढची दोन वर्षं मी दुसऱ्याला पाठवत राहिलो.